‘फोटोपेक्षा बारीक वाटतो’: नाशिकमधल्या एका ओळख परेडचं प्रकरण

हे प्रकरण मी आरोपीची वकील म्हणून हाताळलं. विधी सेवा प्राधिकरणाकडून ते माझ्याकडे आलं. नावं, नेमका रस्ता, तारखा आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि माझ्या चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

दिवाळी तोंडावर आली होती. साठीच्या एक निवृत्त शिक्षिका सकाळी सहा वीसच्या सुमारास गंगापूर रोडच्या बाजूच्या एका आतल्या रस्त्याने फिरायला निघाल्या होत्या. मी त्यांना इथे बाईच म्हणते. त्यांचे दोन विद्यार्थी आज आमच्या बारमध्ये, म्हणजे वकील संघात आहेत, तेही बाईच म्हणतात. उजाडत होतं, पण रस्त्यावरचे दिवे अजून चालू होते. मागून एक मोटारसायकल आली, पुढे गेली आणि वळून परत आली. मागे बसलेल्याने पत्ता विचारल्यासारखं केलं. बाई थांबल्या, तेवढ्यात त्याने मंगळसूत्राला हिसका दिला. बाईंच्या मानेवर ओरखडा उठला, चष्मा खाली पडला. गाडी मखमलाबादच्या दिशेने गेली.

फिर्यादीत वर्णन असं होतं: ‘मागे बसलेला इसम, वय अंदाजे २० ते २५, बांधा सडपातळ, रंग सावळा, दाढी नाही, अंगात काळा शर्ट.’ पुढे बसलेल्याने हेल्मेट घातलं होतं. आणखी दोघांनी हा प्रकार लांबून पाहिला होता. एक सायकलवरून पेपर टाकणारा मुलगा, दुसरा कोपऱ्यावरचा दूध केंद्रवाला. एका बंगल्याच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात गाडी सहा-सात सेकंद दिसत होती.

नव्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरी हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ३०४, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नाशिकमध्ये असे गुन्हे घडले की पेपरात बातमी येते, फिरायला जाणाऱ्या बायका धास्तावतात, आणि पोलीस ठाण्यावर ‘लवकर छडा लावा’ असा दबाव येतो. तो दबाव खरा असतो, आणि मला तो समजतो.

नवव्या दिवशी २३ वर्षांच्या एका मुलाला अटक झाली. तो भाजीच्या टेम्पोवर हेल्पर होता. रात्री नाशिकहून माल भरून वाशीला जायचं, पहाटे रिकामी गाडी घेऊन परत यायचं, हे त्याचं काम. त्याच्याकडे मंगळसूत्र सापडलं नाही. मोटारसायकल त्याच्या मित्राची होती, फुटेजमधल्या गाडीच्याच कंपनीची आणि त्याच रंगाची. तशा गाड्या शहरात गल्लोगल्ली आहेत.

ओळख कशी ठरत गेली

सुरुवात एका अंमलदारापासून झाली. डीबी (गुन्हे शोध) पथकातल्या या अंमलदाराने फुटेज पाहिलं आणि म्हणाला, हा तर पेठ रोडचा अमुक. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या मिरवणुकीतल्या भांडणात या मुलाला चौकीत आणलं होतं, तेव्हा अर्धा तास तो त्याच्या समोर होता. तेव्हाचा फोटोही अंमलदाराच्या मोबाइलमध्ये होता. फोटोत गाल भरलेले आणि बारीक दाढी.

अटकेनंतर बाराव्या दिवशी नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहात ओळख परेड झाली, म्हणजे संशयिताला इतरांसोबत रांगेत उभं करून साक्षीदारांना ओळखायला सांगितलं. नायब तहसीलदारांनी ती घेतली. पोलीस आत नव्हते, दोन पंच होते, साक्षीदारांना वेगवेगळं बसवलं होतं. उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलप्रमाणे एका संशयितासोबत निदान सहा जण उभे करायचे असतात, तेही होते. मुलाला हवी ती जागा निवडू दिली. तो चौथ्या जागी उभा राहिला.

पेपरवाला मुलगा रांगेसमोरून दोनदा फिरला आणि त्याने सहाव्या माणसाच्या खांद्याला हात लावला. सहावा डमी होता, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेला, रांगेसाठी उभा केलेला माणूस. दूध केंद्रवाल्याने सांगितलं, सांगता येत नाही. बाई थेट चौथ्यासमोर थांबल्या, दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, ‘हाच.’

फाटकाबाहेर आल्यावर कुणीतरी बाईंना म्हणालं, ‘बरोबर ओळखलंत.’ हे मला खूप नंतर, बाईंच्याच तोंडून कळलं.

अडचण नेमकी कुठे होती

कायद्याच्या दृष्टीने ओळख परेड हा मूळ पुरावा नाही. साक्षीदार कोर्टात उभं राहून जे ओळखतो तो मूळ पुरावा, परेड त्याला बळकटी देते. व्यवहारात मात्र जामिनाच्या टप्प्यावर ‘फिर्यादीने परेडमध्ये ओळखलं आहे’ या एका वाक्यापुढे बाकी सगळं फिकं पडतं. आमचंही तसंच झालं. पहिला जामीन अर्ज फेटाळला गेला.

बाई खोटं बोलत नव्हत्या. याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. छत्तीस वर्षं वर्गातल्या पोरांचे चेहरे ओळखण्यात गेलेली बाई. ‘मी चेहरा विसरत नाही’ असं त्या म्हणाल्या, आणि ओळखीच्या चेहऱ्यांबाबत ते खरंच असणार. वीस वर्षांनी भेटलेला, टक्कल पडलेला विद्यार्थीही त्या ओळखतात.

पण अनोळखी चेहरा ओळखणं हे निराळंच काम आहे, आणि त्यात आपण बहुतेक सगळे कच्चे आहोत. ब्रिटनमध्ये रॉब जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन डच स्त्रियांचे प्रत्येकी वीस फोटो, म्हणजे चाळीस पत्ते. एका व्यक्तीचे फोटो एका गड्डीत लावा, एवढंच सांगितलं. ज्यांना त्या दोघी माहीत नव्हत्या त्यांनी सरासरी सात-आठ गड्ड्या केल्या, म्हणजे दोन बायकांच्या सात-आठ बायका झाल्या. ज्यांना त्या दोघी माहीत होत्या त्यांनी बरोबर दोनच केल्या. उजेड, कॅमेरा, हसू, केसांची ठेवण बदलली की परका चेहरा आपल्याला वेगळाच माणूस वाटतो. आणि उलटंही होतं: दोन वेगळे परके चेहरे एकच वाटतात.

यात आठवणीचा दोष असतो, पण तेवढाच नाही. समोर फोटो आणि समोर माणूस असतानाही चूक होते. १९९९ च्या विकी ब्रूस यांच्या प्रयोगात चांगल्या प्रतीच्या व्हिडिओतला चेहरा दहा फोटोंतून शोधायचा होता. व्हिडिओ आणि फोटो एकाच दिवशी काढलेले, वेळेची घाई नाही, तरी दहापैकी सुमारे तीन वेळा लोक चुकले. सुपरमार्केटमधल्या कॅशियरना फोटो असलेली क्रेडिट कार्डं तपासायला दिली (रिचर्ड केम्प, १९९७), तर दुसऱ्याच माणसाचा फोटो असलेली निम्म्याहून जास्त कार्डं त्यांनी स्वीकारली. ऑस्ट्रेलियात पासपोर्ट अधिकाऱ्यांची परीक्षा घेतली (डेव्हिड व्हाइट आणि सहकारी, २०१४). समोरचा माणूस आणि फोटोतला माणूस वेगळा असताना १४ टक्के वेळा त्यांनी ‘तोच’ म्हटलं, आणि नोकरीची वर्षं वाढली म्हणून चुका कमी झालेल्या दिसल्या नाहीत.

हे आकडे चांगल्या उजेडातल्या, शांत खोलीतल्या माणसांचे आहेत. बाईंना झुंजूमुंजू उजेडात काही सेकंद मिळाले, आणि त्यातला बराचसा वेळ त्यांचं लक्ष स्वतःच्या गळ्याकडे होतं.

आमच्या प्रकरणात एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पेपरवाल्या मुलाने डमीला हात लावला तेव्हा तो चुकला हे सगळ्यांना कळलं, कारण डमी निर्दोष आहे हे आधीच ठाऊक होतं. बाई चुकल्या असतील तर ते कळायला कुठलीही वाट नव्हती. सरकार पक्षाने पेपरवाल्याला ‘गोंधळलेला साक्षीदार’ म्हणून बाजूला ठेवलं. मला वाटतं, तो त्या रांगेचा सगळ्यात बोलका पुरावा होता: तीन जणांपैकी एकाला रांगेतल्या निर्दोष माणसात चोर दिसला होता.

समोर असलेले पर्याय

प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा परेड आठवड्यावर होती. पहिला प्रश्न परेडचाच. मुलगा हात जोडून म्हणाला, ‘मॅडम, मी नव्हतोच तिथं, मग मला कोण ओळखणार?’ सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर परेडला उभं राहायला नकार देण्याचा हक्क आरोपीला नाही हे स्पष्ट आहे. नकार दिला तर तो त्याच्याविरुद्ध जाऊ शकतो. लेखी हरकत नोंदवता आली असती: आधी फोटो दाखवले का, कुणी दाखवले, याची चौकशी परेडआधी व्हावी. मी ती नोंदवली नाही. मुलाचं म्हणणं मलाही पटलं होतं. निर्दोष माणसाला परेडचं भय नाही, असं मी सोळा वर्षं वकिली करून मानत होते.

दुसरा मार्ग ‘तो तिथे नव्हता’ हे सिद्ध करण्याचा. टेम्पोच्या फास्टॅगवर घटनेच्या दिवशी परतीच्या टोलनाक्याची वेळ होती पाच अठ्ठावन्न. तिथून गंगापूर रोड गाठायला टेम्पोला पाऊण तास तरी लागतो. पण फास्टॅग गाडीचा असतो, माणसाचा नाही. हेल्पर गाडीत होता असं मालक सांगत होता, आणि मालक आपल्या माणसाची बाजू घेणारच, असं तपासी अधिकारी म्हणत होते. टोलच्या बूथवरच्या चित्रणात चालकाशेजारी बसलेला माणूस दिसला असता. मी अर्ज केला तेव्हा घटनेला सव्वीस दिवस झाले होते, आणि चित्रण पुसलं गेलं होतं.

तिसरा मार्ग तज्ज्ञाचा. चेहरा तुलनेचं प्रशिक्षण घेतलेली माणसं खरोखरच आपल्यापेक्षा सरस असतात. २०१८ मध्ये अमेरिकेत जोनाथन फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी परीक्षक, जन्मजात चेहरे ओळखण्यात तरबेज लोक, विद्यार्थी आणि संगणक प्रणाली या सगळ्यांना एकाच चाचणीला बसवलं. प्रशिक्षित परीक्षक सर्वसामान्यांच्या बरेच पुढे होते, आणि एक परीक्षक अधिक उत्तम प्रणाली ही जोडी सगळ्यांत चांगली ठरली. पण आमच्याकडचा चेहरा तुलनेला देण्याजोगा आहे का? मी पेन ड्राइव्हमधलं चित्र संगणकावर मोठं करून पाहिलं. कॅमेरा फाटकाच्या खांबावर बारा फुटांवर, वरून खाली बघणारा. चेहरा जेमतेम पंचवीस-तीस ठिपक्यांचा. डोळ्यांच्या जागी दोन करड्या चौकटी, नाक नाहीच, कान गालात मिसळलेला. त्यात मला हवा तो माणूस दिसत होता. एका क्षणी मला आमचाच मुलगा दिसला, आणि मी लॅपटॉप बंद केला.

काय केलं

पहिला अर्ज फेटाळल्यावर परेडचा अहवाल पुन्हा वाचायला घेतला. पहिल्या वेळी मी नेहमीच्या गोष्टी तपासल्या होत्या: डमी किती, पंच कोण, वेळ, सह्या. या वेळी ओळ न् ओळ वाचली. नायब तहसीलदारांनी बाईंचे शब्द प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते: ‘साक्षीदाराने अ. क्र. ४ च्या उजव्या दंडास हात लावून “हाच, फोटोपेक्षा बारीक वाटतो” असे सांगितले.’

हे वाक्य तीन आठवडे माझ्या फाइलमध्ये होतं.

फोटो म्हणजे अंमलदाराच्या मोबाइलमधला. बाईंना घरी जाऊन तो दाखवला होता. एकच फोटो, ‘हा होता का बघा’ असं विचारून. स्टेशन डायरीत नोंद नाही, पुरवणी जबाबात उल्लेख नाही. परेडमध्ये बाईंनी कुणाला ओळखलं? रस्त्यावर काही सेकंद दिसलेल्या चोराला, की आठवड्यापूर्वी घरात बसून निवांत पाहिलेल्या फोटोला? बाईंनाही हे सांगता येणार नाही. आतून दोन्ही ओळखी सारख्याच वाटतात.

दुसरी गोष्ट रांगेची. अहवालात सातही जणांचं वय, उंची, बांधा, वर्ण यांचा तक्ता होता. मी नावं आणि अनुक्रमांक काढून तो तक्ता बाररूममधल्या नऊ सहकाऱ्यांना दिला, सोबत फिर्यादीतलं वर्णन. यातला संशयित कोण? नऊपैकी आठ जणांनी आमच्या मुलाच्या ओळीवर बोट ठेवलं. यांतल्या कुणीही चोर पाहिला नव्हता, की रांगही पाहिली नव्हती. सहापैकी चार डमी पस्तिशीच्या पुढचे होते, एकाला भरघोस मिशी, एकाचा बांधा ‘स्थूल’. सडपातळ, विशीतला, दाढी नसलेला असा एकच माणूस तक्त्यात होता. रांग निष्पक्ष आहे का हे तपासायची ही पद्धत संशोधकांनी १९७० च्या दशकातच सुचवली होती. सात जणांची रांग खरोखर सातांची असेल तर वर्णनावरून संशयिताला सातातली एकच संधी मिळायला हवी.

हे दोन मुद्दे घेऊन सत्र न्यायालयात गेले. अटकेपासून सत्तेचाळिसाव्या दिवशी जामीन झाला. त्याची आई कोर्टाच्या पायरीवर बसून होती. तिने विचारलं, ‘वकीलताई, म्हंजे सुटला ना?’ मला ‘अजून नाही’ म्हणावं लागलं.

दरम्यान तपासी अधिकारी बदलले. नव्या सहायक निरीक्षक मॅडमनी फुटेज प्रयोगशाळेकडे पाठवलं. चेहरा तुलनेला पुरेसा नाही असा अभिप्राय आला. मग मी त्यांना एक सुचवलं, आणि त्यांनी ते मनावर घेतलं याचं श्रेय त्यांचंच. १९९९ च्या माइक बर्टन यांच्या प्रयोगात खराब सीसीटीव्हीतली माणसं त्यांना रोज पाहणाऱ्यांनी फार अचूक ओळखली होती. अनोळखी लोक आणि अनुभवी पोलीस मात्र सारखेच चाचपडले होते. म्हणजे खराब चित्रही उपयोगी पडतं, बघणारा त्या माणसाला खरोखर ओळखत असेल तर. अर्ध्या तासाची चौकीतली भेट आणि एक फोटो ही ओळख नव्हे. मग त्याला खरोखर ओळखणारं, पण त्याच्यात हितसंबंध नसलेलं कोण?

मॅडमनी चार जण शोधले: बाजार समितीतला एक मुकादम, खानावळवाली मावशी, शेजारच्या गाळ्यावरचा हमाल, आणि एक व्यापारी ज्याचं मुलाच्या मालकाशी पटत नव्हतं. त्याच कॅमेऱ्यातले वेगवेगळ्या दिवसांचे सहा तुकडे काढले, प्रत्येकात मोटारसायकलवर मागे बसलेला कुणीतरी. चोरीचा तुकडा त्यातला एक. चौघांना वेगवेगळं बोलावून, केस कुठली हे न सांगता, एवढंच विचारलं: यात ओळखीचं कुणी आहे का? असेल किंवा नसेलही. चौघांनीही नाही म्हटलं. खानावळवाली मावशी पडद्याकडे बघत म्हणाली, ‘बसायची पद्धत तर बघा, आमच्याकडं येणारं कुणी असं नाही बसत.’

निकाल

हा कोर्टात टिकणारा पुरावा नव्हता, पण त्याने तपासाची दिशा बदलली. पाच महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात एक टोळी पकडली गेली. नाशिकमधल्या चोऱ्यांची माहिती निघाली. एका सराफाकडून मुद्देमाल जप्त झाला. साखळी वितळवली होती, वाट्या राहिल्या होत्या.

ओळख पटवण्यासाठी तशाच जुन्या घडणीच्या पाच-सहा वाट्यांच्या जोड्या मिसळून बाईंसमोर ठेवल्या. बाईंनी चष्माही लावला नाही. एक जोडी उचलली, डाव्या वाटीवरून अंगठा फिरवला. वाटीच्या कडेला बारीक पोचा होता. ‘माझ्या मुलीने दात येताना चावली होती,’ त्या म्हणाल्या. ती वाटी पस्तीस वर्षं त्यांच्या गळ्यात होती.

मॅडमनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८९ खाली मुलाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल दिला आणि त्याचं नाव प्रकरणातून गेलं. मालकाने त्याला टेम्पोवर परत घेतलं. पेठ रोडची खोली मात्र तोवर घरमालकाने रिकामी करून घेतली होती.

मी बाईंना नंतर एकदा भेटले. त्या सरळ म्हणाल्या, ‘वाट्या माझ्या आहेत, ते कबूल. पण डोळे मिटले की मला अजून त्याच मुलाचा चेहरा दिसतो.’ फाटकाबाहेरचं ‘बरोबर ओळखलंत’ हे वाक्य त्यांनी त्याच वेळी सांगितलं. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. रांगेत खरा गुन्हेगार नसतानाही, चुकीची निवड केलेल्या साक्षीदाराला ‘छान, संशयितच ओळखला’ असं म्हटलं की त्याची खात्री तर वाढतेच, शिवाय आपण चेहरा नीट पाहिला होता, बराच वेळ पाहिला होता, असंही त्याला वाटू लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या बाजूने: परेडच्या आधीच ‘कुठला फोटो दाखवला आहे का’ हा प्रश्न लेखी विचारायला हवा होता. टोलच्या चित्रणाचा अर्ज प्रकरण हातात आल्याच्या दिवशीच जायला हवा होता. निर्दोष असल्याने मुलगा ओळखला जाणार नाही, या समजुतीवर मी आठवडा घालवला. आता कुठलंही ओळखीचं प्रकरण आलं की मी पहिल्या दिवशी हीच दोन कामं करते.

पोलिसांच्या बाजूने: अंमलदाराने फुटेजवरून शंका घेणं गैर नव्हतं. शंका आल्यावर एकच फोटो घेऊन बाईंच्या घरी जाणं हे सगळ्यात महाग पडलं. फोटो दाखवायचेच असतील तर सारख्या वर्णनाचे सहा-सात एकत्र, संशयित कोण हे माहीत नसलेल्या माणसाने दाखवावेत, आणि ‘यात तो नसेलही’ हे आधी सांगावं. साक्षीदाराचे त्या वेळचे शब्द जसेच्या तसे लिहावेत: ‘वाटतंय’, ‘बहुतेक’, ‘डोळे तसेच आहेत’. पहिल्या ओळखीच्या वेळची खात्री बरंच काही सांगते. कोर्टात वर्षभराने दिसणारी खात्री फार थोडं. बाई त्या पहिल्या फोटोच्या वेळी नेमकं काय म्हणाल्या, हे आज कुणालाच ठाऊक नाही. त्यांनाही आठवत नाही.

परेडच्या बाजूने: नायब तहसीलदारांनी नियम पाळले आणि शब्द लिहून ठेवले, म्हणूनच मुलगा सुटला. डमी निवडताना मात्र संशयिताकडे बघून निवडण्याऐवजी फिर्यादीतलं वर्णन हातात घेऊन निवडायला हवे होते. रांगेचा एक फोटो अहवालाला जोडला असता तर माझा तक्त्याचा खटाटोप वाचला असता.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी शहरात सुरू आहे. गर्दीवर नजर ठेवायला कॅमेरे वाढतील, चेहरे जुळवणाऱ्या प्रणालीही येतील. अशी प्रणाली एका चेहऱ्यासमोर मिळत्याजुळत्या चेहऱ्यांची यादी ठेवते, आणि त्यातून निवडणारा शेवटी माणूसच असतो. व्हाइट यांनीच २०१५ मध्ये अशा याद्यांवर पासपोर्ट अधिकाऱ्यांना तपासलं, तेव्हा जवळपास निम्म्या वेळा निवड चुकली. खास प्रशिक्षण घेतलेले परीक्षक त्यांच्यापेक्षा बरेच चांगले निघाले. त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत उपनिरीक्षक घडतात. तिथल्या प्रशिक्षणार्थींना चाळीस पत्त्यांचा तो प्रयोग एका दुपारी करायला द्यावा, असं मी सहायक निरीक्षक मॅडमना सुचवलं आहे. त्यांनी स्वतः तो पोलीस ठाण्यात करून पाहिला. त्यांच्या टेबलावर नऊ गड्ड्या झाल्या होत्या.